तिकडची खुर्ची

मास्तरांच्या विनोदावर सगळे हसले, आणि त्या हसण्याखालून सिस्टर एवढंसं वाक्य बोलून गेली. ते फक्त मास्तरांच्या बायकोला ऐकू आलं. तिचे कान तसे तयारच होते. एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर सव्वीस वर्षं बसून दहा आवाजांच्या गलक्यातून हवा तो एक आवाज वेगळा काढायचा, ही तिची नोकरी. कंपनीत तिला सगळे बोर्डबाई म्हणत, आणि लाडात आले की मास्तरही. तर झालं होतं असं, की शेजारच्या खुर्चीतल्या पोस्टातल्या गृहस्थांनी विचारलं, "काय मास्तर, यंदा सुट्टीत कुठे?" मास्तरांचा डावा हात उशीवर, त्यात दोन सुया, सुयांतून निघालेल्या नळ्या मशीनमध्ये गेलेल्या. ते म्हणाले, "आमचा दौरा ठरलेलाच आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. घर ते खुर्ची, खुर्ची ते घर. वाटेतले देखावे फुकट." डायलिसिसच्या हॉलमधल्या आठही खुर्च्या हसल्या. तीही हसली, आणि आपलंच हसू तिला कानात वाळूसारखं लागलं. सिस्टर मशीनवरचा आकडा टिपून घेत होती. मान वर न करता म्हणाली, "लोक जातात की. तिकडची खुर्ची आधी सांगून ठेवायची, एवढंच."

तिकडची खुर्ची. हे दोन शब्द ती घरी घेऊन आली, औषधांच्या पिशवीत चुकून आलेल्या दुसऱ्याच्या वस्तूसारखे. मास्तर आडवे झाले. रक्त धुऊन आलं की ते तासभर असे पडून राहत, डोळे उघडे, छताकडे. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिली आणि पाणी मोजू लागली. दिवसाला एक लिटर. त्यातच चहा, त्यातच औषधाचे घोट. चौदा महिने ती रोज सकाळी बाटली भरत होती आणि चौदा महिने तिच्या मनात एक खुंटी होती. खुंटीला दावं, दाव्याची लांबी दोन दिवस. तेवढ्या दाव्यात जे गवत येईल ते आपलं. दवाखाना, घर, लेकीच्या गावापर्यंत सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दुसरीकडेही खुंट्या असतील, एका खुंटीचं दावं सोडून दुसरीला बांधत बांधत माणूस लांबवर जाऊ शकेल, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आयुष्यभर एका तारेचं टोक काढून दुसरीकडे खोचलं, आणि साधी ही गोष्ट सुचू नये! ती ओट्याशी एकटीच हसली. बाटली वाहून चालली होती.

मास्तर इतिहासाचे. एकतीस वर्षं एकाच शाळेत त्यांनी तीन शहरं शिकवली. वेशींचं शहर, पुलांचं शहर, घुमटांचं शहर. पुस्तकात त्यांची नावं वेगळी होती, पण मुलांच्या लक्षात राहावं म्हणून मास्तरांनी ही नावं ठेवली आणि मग घरातही तीच चालू झाली. वेशींच्या शहराचा नकाशा ते डोळे मिटून फळ्यावर काढत. तट, तटाला नऊ वेशी, उत्तरेच्या वेशीला सात कमानी, आणि सातव्या कमानीत तो वाकडा दगड जो गवंड्याने मुद्दाम वाकडा ठेवला. मुलं विचारायची, "मास्तर, तुम्ही पाहिलाय?" मास्तर खडू हातातल्या हातात फिरवून म्हणायचे, "मी नाही तर कोण पाहणार?" पाहिला नव्हता. तीनपैकी एकही शहर त्यांनी पाहिलं नव्हतं. आधी बहिणींची लग्नं, मग घराचे हप्ते, मग लेकीचं शिक्षण, मग परीक्षेचे पेपर, मग निवृत्त झाल्यावर निवांत. आणि निवृत्त होऊन अडीच महिने झाले तर ही खुर्ची. त्यांनी त्यावर कधी हूं की चूं केलं नाही. फक्त एक दिवस कपाटातले सगळे जुने नकाशे काढून शाळेला देऊन टाकले. "तिथे भिंत मोठी आहे," म्हणाले.

शहरं मास्तरांची, आणि एक डोंगर होता. डोंगर तिचा. तो मास्तरांना माहीत असून नसल्यासारखा. कंपनीचे साहेब लोक उन्हाळ्यात डोंगरावरच्या एका हॉटेलात जात आणि त्यांच्या खोल्या ठरवायला बोर्डावरून फोन ती लावून देई. "डोंगर लागला, साहेब," म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पण बाजूला होण्याआधी दोन-तीन सेकंद ती तारेवर एकटी असे. तिकडच्या माणसाच्या मागून वारा ऐकू येई. कपबश्यांचा आवाज येई. एकदा कोणीतरी लांबवर हाका मारत होतं आणि त्या हाका परत फिरून येत होत्या. त्या दोन-तीन सेकंदांचे तुकडे जोडून तिने सव्वीस वर्षांत अख्खा डोंगर बांधला होता. तो तिने कधी फोटोतही पाहिला नव्हता. पाहायची हिंमत झाली नव्हती म्हणा. कानांनी उभं केलेलं डोळ्यांनी पाडू नये.

खुर्चीवरून खुर्चीवर जात तीन शहरं आणि डोंगर करता येतील का, असं तिने लेकीला विचारलं. लेक म्हणाली, "आई, बाबांना घेऊन? चार गावं? अगं, तू भाजीवाल्याला भाव विचारायला लाजतेस!" हे खोटं नव्हतं. तिचा आवाजच बारीक. दुकानात तिच्या मागून आलेली चार माणसं सामान घेऊन जात आणि ती आपली उभी. पण तारेवरची गोष्ट निराळी होती. तारेवर बारीक आवाजाला माणूस कान देतो, मोठ्या आवाजापासून यंत्र लांब धरतो. हे लेकीला कसं सांगणार? तिने नुसतं "बघते" म्हटलं. वहीचं मधलं पान काढलं, रकाने आखले, वार लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर झोपल्यावर फोन जवळ ओढला.

वेशींच्या शहराने पहिल्याच फोनला मान तुकवली. तिथल्या माणसाने आधी "जागा नाही हो" म्हटलंच होतं, पण तिने विचारलंच नव्हतं जागा आहे का. बोर्डावर नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी हेच शिकवी, की ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर होऊ शकतं तो प्रश्न विचारू नये. ती म्हणाली होती, "बुधवारची पाळी लिहायची आहे, सकाळच्या वहीत लिहिता की दुपारच्या?" तो माणूस गडबडला, म्हणाला, "दुपारच्या." पुलांच्या शहरात साहेब जेवायला गेले होते. अडीचला जेवायला गेले होते आणि चारलाही जेवतच होते. तिने पाच वाजता साहेबांना मागायचं सोडून दिलं आणि फोन उचलणाऱ्या मुलीला विचारलं, "तुमचं जेवण झालं का गं?" तिकडे त्या मुलीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मावशी, शुक्रवार ना? थांबा, मीच लिहिते." घुमटांच्या शहरात तर दोन दवाखाने निघाले आणि दोघेही 'या' म्हणाले. आता या लग्नाला कुठला नवरा निवडावा अशी पंचाईत! ती दोन दिवस त्या पंचाइतीत सुखाने राहिली. प्रत्येक होकाराला ती फोन ठेवून हात पुसत असे, हात कोरडेच असले तरी. छातीत काहीतरी वर वर चढत होतं. चौदा महिन्यांत तिला लोकांनी सहनशील म्हटलं होतं, देवमाणूस म्हटलं होतं, आणि ते शब्द तिने ओल्या कपड्यांसारखे अंगावर वागवले होते. हे काहीतरी दुसरं होतं. याला नाव काय द्यावं? तिला वाटलं, आपण जिंकतो आहोत. आणि मग देवासमोर बसल्यावर हे कबूलही करून टाकलं, की बाबा रे, मला गर्व होतोय, आणि तो मला आवडतोय.

दहाव्या दिवशी तिने वहीचं पान मास्तरांसमोर ठेवलं. मास्तरांनी चष्मा लावला आणि पेपर तपासायची जुनी पद्धत, बोट ओळीखालून फिरवत वाचायचं, तसं वाचलं. सोमवार, घरची खुर्ची. मंगळवार, गाडी. बुधवार, वेशींचं शहर, दुपारची पाळी, दवाखान्यासमोरच लॉज. गुरुवार, गाडी. शुक्रवार, पुलांचं शहर, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत खोली, जिना नाही. शनिवार, गाडी. रविवार, विश्रांती. सोमवार, घुमटांचं शहर, सकाळची पाळी, औषधांचं दुकान खाली. मंगळवार, डोंगर. त्यापुढच्या बुधवारचा रकाना रिकामा होता. मास्तरांचं बोट तिथपर्यंत जाऊन थांबलं आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवून.

"अहो, काय झालं?"

"बोर्डबाई, हा दवाखान्यांचा दौरा झाला की! यात शहर कुठे आहे?"

ती पानाकडे बघत राहिली. खरंच की. नऊ वेशींच्या शहरात तिने एकही वेस लिहिली नव्हती. पुलांच्या शहरात पूल नव्हता. तिने बारा दिवस आखले होते आणि त्यात पाहण्यासारखी जागा एकच येत होती, लॉजवरून दिसणारं दवाखान्याचं फाटक. मशीनला काय लागतं ते तिला मुखोद्गत होतं, कोणत्या नळीचा आकार कोणता, अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं कोरडं वजन किती. माणसाला काय लागतं तेवढं राहिलं होतं. कानांपर्यंत रक्त चढलं. पण मास्तर हसायचे थांबले तेव्हा त्यांचा चेहरा हसलेल्या माणसाचा नव्हता. पान त्यांनी उलटं घालून ठेवलं.

"हे बघ. एकतीस वर्षं मी सात कमानी शिकवल्या. तिथे जाऊन पाच निघाल्या तर? आणि या हाताने, या पिशवीने, लोकांच्या खुर्च्या मागत? नको. गप बस घरी."

"पण तीन ठिकाणी हो म्हणालेत."

"आणि चौथं? डोंगरावर एकच मशीन आहे. पोस्टातल्यांचा मेहुणा तिथला. तिथल्याच लोकांना पुरत नाही ते." मग, वाद मिटवायला लहान मुलाला चंद्र आणून द्यायचं कबूल करावं तसं ते म्हणाले, "तू तो रकाना भर. डोंगरावरची खुर्ची मिळव. मग येतो मी. मास्तरांचा शब्द."

शब्द दिला तो खुर्ची मिळणार नाही याची खात्री असल्यामुळे, हे तिला कळत होतं. सोमवारी घुमटांच्या शहरातून निघून डोंगर, आणि डोंगरावरून घर शुक्रवारी. मधल्या बुधवारी रक्त धुतलं नाही तर चार दिवस होत होते, आणि चार दिवस म्हणजे छातीत पाणी. डोंगरावर खुर्ची नाही तर डोंगर नाही, आणि आता मास्तरांनी गाठ अशी मारली होती की डोंगर नाही तर काहीच नाही.

डोंगरावरच्या दवाखान्याचं ऑफिस नन्नाचा पाढा वाचत होतं. तिची युक्ती तिथे चालेना, कारण ऑफिसला काही ठरवायचा अधिकारच नव्हता. बंद दाराला किल्ली लावून उपयोग नाही, दार भिंतीवर रंगवलेलं असेल तर. शेवटी तिथल्या कारकुनाने कंटाळून सांगितलं, "हे बघा बाई, मशीन म्हणजे आमच्या तंत्रज्ञ बाई. त्या म्हणतील तसं. आणि त्या सकाळी सहा ते साडेसहा फोन घेतात. साडेसहाला पहिला पेशंट चढला की काम संपून घरी जाईपर्यंत कोणाचा फोन घेत नाहीत. बोंबललात तरी."

सहा ते साडेसहा. तिने रिसीव्हर ठेवला आणि हात पुसले नाहीत.

थंडीचे दिवस, सूर्य सातला उगवत होता. आणि डोळे उघडल्यापासून सूर्य दिसेपर्यंत शब्द बोलायचा नाही, हा तिचा नेम होता. एकोणीस वर्षांचा. कशासाठी म्हणून धरला नव्हता, त्याच्या मागे मागणं नव्हतं, नवस नव्हता. दिवसभर तोंडातून जाणारे सगळे शब्द दुसऱ्यांसाठी, हॅलो, थांबा, लावते, लागला. एक दिवस पहाटे दिवा लावताना तिला वाटलं, निदान एवढा तुकडा देवाचा असू दे, कोरा. त्या दिवसापासून तो कोराच राहिला होता. तापात राहिला, प्रवासात राहिला, लेकीच्या लग्नाच्या सकाळी राहिला, खुणांनी बायकांना कामं सांगून. आणि चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या पहाटेही राहिला. मास्तर पलंगाच्या कडेला बसून श्वास घेत होते आणि श्वास आत जात नव्हता. त्यांनी हाक मारली, "अगं." पुन्हा मारली. ती शेजारच्या खोलीतून धावत आली, त्यांना पाठीशी धरलं, खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरची घंटा दाबून त्याला हाताला धरून वर आणलं, गाडीवाल्याला दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. काही उशीर झाला नाही. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आणलंत. मास्तर बरे झाल्यावर सगळ्यांना रंगवून सांगत, "मी चाललो होतो वर, आणि ही बाई निबंध लिहीत होती!" लोक हसत. एकदाच, खुर्चीतून परत येताना, गाडीत कोणी नसताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, "त्या दिवशी मी हाक मारली. तू ओ दिली नाहीस." बस. पुढे काही नाही. तीही काही बोलली नाही. तेव्हा तर दुपार होती.

तिने आधी लेकीला तिकडे फोन करायला सांगितलं. लेकीने खरंच गजर लावून पहाटे फोन केला. आठ वाजता तिचा फोन आला, "आई, नाही म्हणाल्या गं त्या. मी विचारलं, जागा मिळेल का, तर म्हणाल्या नाही मिळणार. डोंगराचं सोड ना, तीन शहरं करा." लेकीचं काय चुकलं? तिने विचारलं, आणि विचारलं त्याचं उत्तर मिळालं. फोन कोणीही करेल. तो दोन-तीन सेकंदांचा वारा ऐकून, तिकडचा माणूस आत्ता कोणत्या मनाचा आहे हे ओळखून, मग पहिला शब्द टाकायचा, हे दुसऱ्याच्या हातून होणारं नव्हतं. त्या रात्री तिला झोप नीट लागली. तिला वाटलं होतं लागणार नाही.

सकाळी साडेपाचला तिने दिवा लावला. समोर बसली. रोज या वेळी आत एक तळं असे आणि त्यावर काही हलत नसे. आज त्यावर सारखं काहीतरी टपटप पडत होतं. मंगळवार, गाडी. बुधवार, रिकामा. तिने देवाकडे पाहिलं. देव नेहमीसारखा होता, कोणाच्याही बाजूने नसल्यासारखा. एकोणीस वर्षं हा तुकडा तुझा म्हणून वेगळा ठेवला, ती मनात म्हणाली, आणि तू त्याचं काय केलंस? काहीच नाही. तसाच्या तसा ठेवलायस. मग त्यातला थोडा मला दे. हे म्हणताना तिला भीती वाटायला हवी होती. उलट असं वाटलं की कोणीतरी इतक्या वर्षांनी काही मागितल्यामुळे समोरचा जरा सावरून बसला आहे. सहा वाजून दहा मिनिटांनी ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि नंबर फिरवला. खिडकीबाहेर अजून अंधुक होतं, समोरच्या इमारतीत एकच दिवा.

घंटा चार वेळा वाजली. उचलला. आधी कोणी बोललं नाही, आणि त्या न बोलण्यात वारा होता. तोच. दाराच्या फटीतून शिट्टी वाजवत येणारा, मागे भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज. तिकडची बाई चहाचं आधण ठेवत असावी. म्हणजे एकटी आहे, म्हणजे अजून घाईत नाही.

"नमस्कार," ती म्हणाली. पहाटेचा तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. जाडसर, न वापरलेला. "चहा झाला की बोलू. मी थांबते."

तिकडे हसणं. "बोला, बोला. उकळतोय. कोण?"

"मास्तरांच्या बुधवारच्या पाळीसाठी फोन केलाय. तुमच्याकडे एक मशीन, चार पेशंट, दिवसाआड दोघं दोघं. म्हणजे बुधवारी दोन पाळ्या. मास्तरांची तिसरी धरायची."

"तिसरी? अहो बाई, तिसरी पाळी नसते आमच्याकडे. तिसरी म्हणजे मी रात्री आठपर्यंत थांबायचं."

"हो. तेच मागायला फोन केलाय. एक दिवस."

वारा. चमचा कपात फिरला. तिने एकही शब्द टाकला नाही. गप्प कधी राहायचं हे तिला या शहरात सगळ्यात चांगलं येत होतं, त्याचा सराव एकोणीस वर्षांचा होता.

"पेशंटचे रक्ताचे रिपोर्ट?"

"सगळे तयार आहेत. मागच्या तीन पाळ्यांचे तक्तेही. कोरडं वजन एकसष्ट. आजच पाठवते."

"सिस्टर आहात का तुम्ही?"

"नाही. टेलिफोन ऑपरेटर होते."

"तरीच!" मग जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "पण एवढं धरून एवढ्या लांब कशाला येताय? खाली शहरांत मोठमोठे दवाखाने सोडून?"

याचं उत्तर तिने तयार केलं नव्हतं. सगळं तयार केलं होतं, हे सोडून. "डोंगर बघायला," ती म्हणाली. "मी सव्वीस वर्षं लोकांना डोंगर लावून दिला. एकदा माझा मला लावायचाय."

तंत्रज्ञ बाईंनी चहाचा घोट घेतला, तो तिला स्पष्ट ऐकू आला. "कागद पाठवा. इथल्या डॉक्टरांची सही लागते, ते नऊला येतात. मग कळवते. काल एका मुलीचा फोन होता, तुमचीच का? तिला मी नाही म्हटलं होतं."

"तिने विचारलं होतं. मी विचारलं नाही."

हसता हसताच फोन ठेवला गेला. ती वळली तर दारात मास्तर उभे. अंगावर शाल, डावा हात उजव्या हातात धरलेला, जसा ते हल्ली नेहमी धरत, दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"वाजले किती?" त्यांनी विचारलं.

"सहा पंचवीस."

"सूर्य?"

"नाही उगवला अजून."

ते हळूच येऊन खुर्चीत बसले. खिडकीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. वर्गात अवघड प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे ते बघत तसे बघत होते, रागावावं की पाठ थोपटावी हे न ठरून. मग अगदी हळू, चौदा महिन्यांपूर्वीच्या त्याच पट्टीत, ते म्हणाले, "अगं."

"ओ," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. दोन्ही डोळे पुसले, चष्मा नसताना चष्मा वर सरकवला. खिडकीत उजेड येईपर्यंत दोघं तशीच बसली आणि मग दोघांपैकी कोणीच गप्प राहिलं नाही. मास्तरांनी वही मागितली. पान सुलट केलं. "हे काय, बुधवारी दुपारची पाळी? मग सकाळी तीन तास मोकळे आहेत की. सकाळी उत्तरेची वेस. पूर्वेकडून शिरायचं, ऊन पाठीवर घ्यायचं, म्हणजे कमानी मोजता येतील." "पाच निघाल्या तर?" "तर पाच. शाळेला पत्र लिहीन, नकाशा दुरुस्त करा म्हणून. आणि तो तुझा लॉज रद्द कर, दवाखान्यासमोर कसला राहतेस! तटाला लागून सराई आहे, तिची आता खोल्यांची जागा केली असणार, विचार." "जिने असतील." "असू देत. दोन दिवसांत मी किती चढतो ते बघ." रकान्यांच्या मधल्या कोऱ्या जागा भरायला लागल्या, बारक्या तिरप्या अक्षरांत, पूल क्रमांक चार, मोठ्या घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवणे, जुना बाजार (हिने काही घेतलं तर). शनिवार-रविवारवर तर त्यांनी इतकं लिहिलं की दोन दिवसांना चार दिवस लागले असते. ती मध्येच "पाणी, अहो, पाणी मोजून," म्हणत होती आणि ते "हो गं, मोजू की, वेशीत बसून मोजू," म्हणत होते. डोंगराच्या रकान्याला मात्र त्यांनी पेन्सिल लावली नाही. "तो तुझा," म्हणाले. ती कागद पाठवून आली. आठ वाजले. साडेआठ झाले. मास्तर पुलांच्या बांधणीवर बोलत होते आणि दर दोन वाक्यांनी फोनकडे बघत होते. नऊ वाजून गेले आणि ते बोलायचे थांबले. तिने आपलं तांदूळ निवडायला घेतलं, त्यात एकही खडा नव्हता, तरी ती निवडत राहिली.

नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. ती तिसऱ्या घंटेपर्यंत थांबली. पहिल्या घंटेला उचललं तर समोरच्याला आपली गरज कळते. मग तिला स्वतःचंच हसू आलं आणि तिने झडप घालून उचलला.

"बुधवार, तिसरी पाळी, दुपारी चार ते आठ," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "सही झाली. मशीन तुमचं. येताना मफलर आणा, खोलीला हीटर नाही."

तिने मास्तरांकडे बघून मान डोलावली. मास्तर उठून उभे राहिले, शाळेत मोठे साहेब आले की राहत तसे, आणि उभे राहून काय करायचं ते न सुचून पुन्हा बसले.

"आणि राहायचं काय करताय?" फोनमधून आवाज आला. "दवाखान्याला लागूनच दोन खोल्या आहेत, पेशंटच्या लोकांसाठी. बऱ्या आहेत. नाहीतर मग वर कड्यावर आहे एक घर, तिथून खालची सगळी दरी दिसते. पण दवाखाना तिथून फार लांब पडेल हं, मावशी."

"पडू दे," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरने दार उघडून वर पाहिलं. "चांगला लांब पडू दे. कड्यावरचीच लिहा."